बेदाण्याच्या गावात काबूलचे लघुपट

सांगलीत अफगाणिस्तानचं नाव निघालं की आधी बेदाणा आठवतो. ‘तिकडचा माल आला, दर पडला’ ही ओरड तासगावपासून सांगलीच्या मार्केट यार्डापर्यंत दर हंगामात ऐकू येते. साताऱ्यात तेच नाव काढा, समोरचा माणूस थेट १७६१ सालात जाऊन पोचतो. अब्दाली, पानिपत आणि आपलं सव्वा लाख बांगडी फुटली ते. माझं माहेर साताऱ्याचं आणि सासर सांगलीचं, त्यामुळे हे दोन्ही अफगाणिस्तान माझ्या वाट्याला आले. तिसरा भेटला तो लघुपटांतून. पुण्या-मुंबईच्या महोत्सवांना जाता जाता चटक लागली आणि पुढे चार मैत्रिणी, एक प्रोजेक्टर आणि मिळेल तो हॉल एवढ्या भांडवलावर आम्ही दोन्ही जिल्ह्यांत खेळ लावायला लागलो. त्यातून जे कळलं ते इथे मांडते.

१. सुरुवात घोड्यांपासून करावी

अफगाण सिनेमा म्हटलं की लोक बुरखा, बंदूक आणि बॉम्ब यांच्या तयारीनेच येऊन बसतात. चेहरे आधीपासून दुखवट्याला आल्यासारखे. म्हणून पहिल्या खेळाला आम्ही ‘बुझकशी बॉइज’ लावतो. २०१२ चा हा लघुपट जेमतेम अर्ध्या तासाचा आहे. काबूलमधली दोन पोरं, एक लोहाराचा मुलगा आणि दुसरा रस्त्यावर वाढलेला. दुसऱ्याला बुझकशीचा घोडेस्वार व्हायचंय. मेलेल्या बोकडाचं धड घोड्यावरून एकमेकांच्या हातातून हिसकावत पळवायचं, असा हा खेळ. एवढं मी सांगते न सांगते तोच मागच्या रांगेतून आवाज येतो, “म्हंजी आपल्या शर्यतीवानीच की!”

बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ती उठली. मधली वर्षं खटाव-माणातल्या पोरांनी कशी काढली ते त्यांनाच विचारा. खेळाचं वेड म्हणजे काय, त्यात गरीबाचं पोरगं कशापायी जीव टाकतं, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मैदानात घोडे सुटले की हॉलमध्ये शिट्ट्या पडतात. मग गोष्ट जिथे वळते तिथे ती वळू द्यावी. आपण मध्ये बोलू नये.

२. कॅमेरा कुणाचा आहे ते आधीच सांगून टाकावं

‘बुझकशी बॉइज’ला २०१३ मध्ये ऑस्करचं नामांकन मिळालं. त्यातला फवाद मोहम्मदी हा काबूलच्या चिकन स्ट्रीटवर परदेशी लोकांना नकाशे विकणारा पोरगा त्या सोहळ्याला थेट अमेरिकेत गेला. पण दिग्दर्शक सॅम फ्रेंच अमेरिकन. काबूलच्या मुलींवरचा ‘लर्निंग टू स्केटबोर्ड इन अ वॉरझोन’ २०२० मध्ये ऑस्कर घेऊन गेला, त्याची दिग्दर्शिका कॅरोल डायसिंगरही अमेरिकन. ‘थ्री साँग्ज फॉर बेनझीर’ नवराबायकोने मिळून केलेला. गुलिस्तान मिर्झाई अफगाण, एलिझाबेथ अमेरिकन. थोडक्यात, आपल्याला सहज मिळणारे नावाजलेले लघुपट बरेचसे पाहुण्यांच्या नजरेतले असतात. त्यात कमीपणा काही नाही. ‘बुझकशी बॉइज’च्या निमित्ताने तिथली कितीतरी पोरं कॅमेरा, आवाज, संकलन शिकली. पण लपवू नये.

हे वाईच्या लोकांना सगळ्यात लवकर कळलं. मेणवलीचा घाट ‘स्वदेस’मध्ये उत्तर प्रदेशातलं चरणपूर झालेला त्यांनी पाहिलाय. ‘गंगाजल’मध्ये वाई बिहारची झाली. आपला घाट, आपला पार आणि पडद्यावर नाव भलत्याच गावाचं, याची त्यांना इतकी सवय की खेळ संपल्यावर एक गृहस्थ म्हणाले, “पण मॅडम, त्यांनी निदान काबूलला काबूल तरी म्हटलंय.”

अफगाण दिग्दर्शिका शहरबानू सादतचं नाव म्हणून आम्ही आवर्जून घेतो. काबूलमध्ये माहितीपटाचं शिक्षण घेत असतानाच, विशीच्या आसपास, तिचा लघुपट २०११ मध्ये कानच्या ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’मध्ये निवडला गेला. पुढे २०१६ मध्ये ‘वुल्फ अँड शीप’ या पहिल्या मोठ्या चित्रपटाला त्याच विभागात मुख्य पुरस्कार मिळाला. डोंगरातली मेंढपाळ पोरं, त्यांच्या गोफणी, त्यांच्या शिव्या, एकमेकांबद्दलच्या कुचाळक्या. युद्ध जवळपास नाहीच. लघुपट नसला तरी त्याचा एखादा तुकडा आटपाडीच्या किंवा म्हसवडच्या बाजूला दाखवावा आणि मेंढरामागं हिंडलेल्या माणसाला गोफण धरायची पद्धत कशी वाटली ते विचारावं. गंमत अशी की चित्रपटातलं गावही खरं नाही. अफगाणिस्तानात चित्रीकरण धोक्याचं म्हणून तिने ते ताजिकिस्तानात उभारलं. म्हणजे तिलाही स्वतःच्या गावासाठी दुसऱ्याची वाई शोधावी लागली.

३. खेळ दूध घालून झाल्यावर लावावा

संध्याकाळी सातच्या आत डेअरीत दूध जातं आणि आठला मालिका सुरू होतात. तेवढी फट आपली. एकूण साठ मिनिटांचा कार्यक्रम, त्यात लघुपट पन्नास मिनिटांचे, बाकी बोलणं. स्वागत, सत्कार, शाल-श्रीफळ यांना सपशेल फाटा.

४. जामीनदाराचा प्रश्न येईल, त्याची तयारी ठेवावी

‘थ्री साँग्ज फॉर बेनझीर’ बावीस मिनिटांचा आहे, २०२१ चा. काबूलमधली विस्थापितांची छावणी, मातीच्या भिंती, वर आकाशात टेहळणीचा पांढरा फुगा. शाइस्ता नावाचा तरणा पोरगा, नवीन लग्न झालेला. बायकोला गाणी म्हणून दाखवतो, तिला हसवतो. त्याला सैन्यात जायचंय. पण त्यासाठी आपल्या माणसांपैकी कुणीतरी त्याची हमी घ्यायला हवी आणि घरचे ती घ्यायला तयार नाहीत. मग तो अफूच्या काढणीला जातो. पुढचं लिहीत नाही, तुम्ही पाहाल.

साताऱ्यात आम्ही तो दाखवला तेव्हा निम्मा हॉल भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचा होता. या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जवान कामी आले आणि आजही घरटी कुणी ना कुणी सैन्यात असतं. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये इथेच निघाली. पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पळणारी पोरं इथे नेहमीचीच. अशा गावात ‘युद्ध वाईट’ हे सांगणारा लघुपट दाखवायला मी जरा बिचकत होते. पण त्या पोरांना युद्धावर काही बोलायचंच नव्हतं. त्यांना शाइस्ताचा बाप खटकला. एकाने तावातावाने विचारलं, “बाप सही का करत नाही?”

त्याला उत्तर दिलं ते पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी. पतसंस्थेत जन्म गेलेला माणूस. ते म्हणाले, “जामीनदार व्हायला कोण तयार असतं रे? पोरगं सैन्यात गेलं तर तालिबान येणार घरी, पोराकडं नाही. हप्ता थकला की नोटीस जामीनदाराला जाते.” हॉलमधले बरेच जण हसले आणि ज्यांनी कधी कुणाची जामीनकी केली होती ते हसले नाहीत. मी त्या लघुपटावर इंग्रजीत बरंच काही वाचलेलं आहे. बापाची बाजू मात्र मला त्या संध्याकाळी कळली.

हाच लघुपट सांगलीकडे दाखवला तेव्हा बोलणं अफूच्या काढणीवर घसरलं. हंगामापुरतं घर सोडायचं, मुकादम, उचल, परत येताना हातात काय उरतं आणि अंगात काय भिनतं, हे ऊसतोडीच्या टोळ्या पाहिलेल्या लोकांना ठाऊक आहे. छावणी या गोष्टीचंही इथे कुणाला नवल वाटत नाही. दुष्काळात जनावरांच्या छावण्यांत माणसंही राहिलीत, कोयनेच्या पाण्याखाली गावं गेलेली कुटुंबं अजून कागद घेऊन फिरतात. तेव्हा ‘बिचारे अफगाण’ या सुरात प्रस्तावना करू नये. ऐकणारा मनातल्या मनात म्हणतो, आमचं काय वेगळं आहे?

५. उपशीर्षकांवर विसंबू नये

दरी आणि पश्तो बोलणं, खाली इंग्रजी अक्षरं, आणि ती वाचता न येणारा निम्मा प्रेक्षक. आमच्यातली एकजण मराठी शाळेत शिकवते. ती अंधारात माईक घेऊन बसते आणि गरजेपुरतंच सांगते, दहा संवादांमागे तीन. सगळं सांगितलं तर रेडिओ होतो. गाणं सुरू असताना अजिबात बोलायचं नाही. यात्रेत तंबूतला सिनेमा पाहिलेल्या म्हाताऱ्यांना हा आवाज लगेच मानवतो. मोबाइलवर वाढलेल्या पोरांना पहिली पाच मिनिटं तो खुपतो, मग विसरतात.

६. पाहुण्याचा फोटो काढू नये

पुण्यात बरीच वर्षं अफगाण विद्यार्थी शिकायला येत आले आहेत. त्यांच्यापैकी एकाला आम्ही बोलावलं, तो स्वारगेटहून एसटीने आला. त्याने आधीच एक अट घातली होती. नाव पत्रिकेत नको, फोटो नको, व्हॉट्सअॅपवर तर नकोच. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान आल्यानंतर त्याच्या घरच्यांचं तिथे काय होईल याची त्याला धास्ती होती. आपल्याकडे फोटोशिवाय कार्यक्रम झालाच नाही असं मानतात. एका वार्ताहराने तर मला ऐकवलं की फोटो नसेल तर बातमी दोन ओळींची होईल. दोन ओळी पुरेत म्हटलं. दारात मोबाइल गोळा करायला एक टोपली ठेवली. थोडी कुरकुर झाली, पण लोकांनी ठेवले.

तो मुलगा हिंदी सुरेख बोलायचा, आमच्यापेक्षा बरी. कुठे शिकलास विचारलं तर म्हणाला, घरी आईबरोबर टीव्ही बघून. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही मालिका तोलो वाहिनीवर ‘तुलसी’ या नावाने दरीत लागायची आणि काबूलच्या घराघरांत पाहिली जायची. २००८ मध्ये तिथल्या सरकारने अशा मालिका बंद करायचा आदेश काढला तेव्हा केवढा गोंधळ झाला, ते त्याने सांगितलं. आमच्या बायका खुर्च्या पुढे ओढून बसल्या. पुढचा पाऊण तास लघुपट राहिला बाजूला. “बेटा, तुम्हारे माँ को मिहीर मर गया वो दिन आठवता है क्या?” असल्या साताऱ्याच्या हिंदीत चौकश्या झाल्या. त्याच्या आईनेही तेव्हा स्वयंपाक टाकून दिला होता म्हणे. निघताना त्याच्या पिशवीत कंदी पेढ्यांचे पुडे कुणी कुणी कोंबले ते मोजायला मी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी तासगावला त्याच्याभोवती वेगळंच कोंडाळं जमलं. तिथे बागायतदार होते. काबूलच्या उत्तरेचा शोमालीचा पट्टा, कंदाहारच्या बागा, यांची नावं त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. तिकडे ‘किशमिशखाना’ असतो, जाड मातीच्या भिंतींना झरोके ठेवून बांधलेली खोली, त्यात द्राक्षाचे घड सावलीत टांगून वाळवतात. हे त्याने सांगितल्यावर आमच्याकडचे लोक आपली शेड, जाळीचे रॅक, घड डिपिंग ऑइलात किती वेळ बुडवायचा, यावर आले. दराचा विषय निघाला तेव्हा जरा हवा तापली. एकजण म्हणालाच, “तुमच्या मालानं आमचं कंबरडं मोडलं.” तो मुलगा शांतपणे म्हणाला, माझ्या काकालाही दर मिळत नाही, मधला माणूस खातो. झालं, मधल्या माणसावर एकमत झालं आणि तिथून कुणी उठेना. मी महोत्सवांतल्या प्रश्नोत्तरांना पुष्कळ बसलेय, इतकी मुद्देसूद चर्चा मोठ्या शहरात फार थोड्या वेळा ऐकली.

७. परवानगी मागावी, ती मिळते

छोट्या गावातल्या विनाशुल्क खेळासाठी दिग्दर्शकांना साधं पत्र लिहिलं तर बरेचदा स्वतःच उत्तर पाठवतात. वितरक असेल तर शुल्क सांगतो, घासाघीस करता येते. नेटफ्लिक्सवरच्या काही माहितीपटांना शैक्षणिक खेळाची मुभा असते, तिचे नियम वाचून घ्यावेत. जाहीर प्रदर्शनाला आपल्याकडे सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं आणि महोत्सवांसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मागावी लागते. हे प्रकरण किती तापू शकतं ते २००४ च्या मिफने दाखवलं. मिफ म्हणजे माहितीपट, लघुपट आणि अॅनिमेशन यांचा १९९० पासून मुंबईत भरणारा महोत्सव. तिथे प्रमाणपत्राच्या सक्तीवरून वाद पेटला आणि दिग्दर्शकांनी शेजारीच ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरवला. आपल्या तालुक्याच्या गावात इतकं काही होत नाही. पण फाइल व्यवस्थित ठेवावी.

८. दुपारचा खेळ बायकांसाठी राखून ठेवावा, आणि भाषण करू नये

हेरातला मार्च २०१३ मध्ये महिलांचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला. दिग्दर्शिका रोया सादत त्याच्या संस्थापकांपैकी एक. तिथे बाईने पडद्यावर दिसणंच नव्हे, प्रेक्षकांत बसणंही धाडसाचं होतं. आपल्याकडे धाडस लागत नाही, वेळ लागतो. तीन ते साडेचार. भांडी झालेली असतात, चहा व्हायचा असतो. बचत गटाची बैठक असेल त्याच दिवशी खेळ लावला तर कुणाला घरी वेगळं कारण सांगावं लागत नाही.

‘लर्निंग टू स्केटबोर्ड’मध्ये काबूलच्या गरीब वस्तीतल्या मुली स्केटबोर्ड शिकता शिकता अक्षरं शिकतात. साताऱ्यात हा लघुपट दाखवायचा तर नायगाव कुणाच्याही तोंडावर येणारच. सावित्रीबाईंचं जन्मगाव याच जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. तिकडे अफगाणिस्तानात २०२१ पासून सहावीच्या पुढे मुलींच्या शाळा बंद. भाषण आयतं तयार आहे, म्हणूनच ते गिळावं. आम्ही नुसतं विचारलं, यातली कुठली मुलगी आवडली? एका बाईने पडून पुन्हा उठणारी सांगितली, दुसरीने फळ्यासमोर उभी राहून शिकवणारी बाई. तिसरी म्हणाली, मला ते बोर्ड पाहिजे. ती पन्नाशीची होती.

९. रिळांचा विषय निघाला की पुस्तकं येतात

१९९६ ते २००१ या काळात तालिबानने सिनेमा बंद केला तेव्हा काबूलच्या ‘अफगाण फिल्म’ या सरकारी संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी हजारो रिळं खोट्या भिंतीमागे दडवून ठेवली. थोडी जळू दिली, बाकीची वाचवली. एरिएल नासर यांच्या ‘द फॉरबिडन रील’ या माहितीपटात ती माणसं भेटतात. सांगलीत ही हकिगत सांगितली की कुणीतरी २०१९ चा महापूर काढतंच. नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं त्यात गेली. लगदा झालेले गठ्ठे बाहेर काढणारे हात अजून गावात आहेत आणि वरच्या मजल्यावर आधीच का हलवली नाहीत यावर वादही आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये काबूलच्या महापालिकेने जुनं पार्क सिनेमागृह पाडलं. अफगाण फिल्मच्या पहिल्या महिला प्रमुख सहरा करीमी ते पाडू नये म्हणून आत ठाण मांडून बसल्या होत्या. तालिबान यायला तेव्हा नऊ महिने अवकाश होता. टॉकीज पाडून व्यापारी संकुल झालेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना हा तपशील फार झोंबतो. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सगळ्यात बोलका तपशील हाच आहे आणि बातम्यांत तो सगळ्यात कमी आला.

१०. शेजारी आपला लघुपट असावा

अफगाण लघुपट एकटा लावू नये. आम्ही त्याच्या जोडीला तासगाव तालुक्यातले शेखर बापू रणखांबे यांचा ‘रेखा’ लावतो. रस्त्याकडेला राहणाऱ्या बाईला त्वचेचा आजार आहे, डॉक्टर अंघोळ करायला सांगतात आणि नवरा करू देत नाही. एवढीच गोष्ट. २०२२ च्या इफ्फीत इंडियन पॅनोरमात होता, पुढे ६९ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार. बेनझीर आणि रेखा एकाच संध्याकाळी पाहिल्या की कोण कुठल्या देशाची याचा हिशेब कुणी करत बसत नाही. नागराज मंजुळ्यांचा ‘पावसाचा निबंध’ही जोडीला छान बसतो.

यातून एक उपद्व्यापही मागे लागतो. खेळ संपला की स्वतः लघुपट केलेली पोरं गाठतात. विट्याचा एकजण पोस्टर घेऊन आला. त्यावर लॉरेलच्या पानांची माळच माळ, सगळे ‘आंतरराष्ट्रीय’ महोत्सव. खोलात गेले तर बहुतेक दर महिन्याला ऑनलाइन भरणारे, प्रवेश फी घेऊन प्रमाणपत्राची पीडीएफ पाठवणारे. कुठल्याच हॉलमध्ये, कुठल्याच खुर्चीवर बसून तो लघुपट कुणी पाहिलेला नव्हता. आईच्या बांगड्या मोडून फिया भरलेल्या. मी त्याला दोन गोष्टी विचारायला सांगितल्या. मागच्या वर्षी खेळ कुठल्या सभागृहात झाला, आणि निवड समितीत कोण होतं. उत्तर आलं नाही तर पैसे भरायचे नाहीत. अफगाण दिग्दर्शक हसन फाझिलीने घरदार सोडून पळताना तीन मोबाइलवर ‘मिडनाइट ट्रॅव्हलर’ चित्रित केला, तो २०१९ मध्ये सनडान्सला पोचला. त्याच्या पोस्टरवरची पानं आणि याच्या पोस्टरवरची पानं यांत दिसायला काही फरक नाही, हीच अडचण आहे.

पोराने ऐकलं असावं. यंदा त्याने नवा लघुपट दोनच ठिकाणी पाठवलाय, एक मुंबईला आणि एक आमच्याकडे. आमच्याकडे प्रवेश फी नाही, पण त्या दिवशीचा चहा आणि खुर्च्यांचा टेम्पो त्याच्याकडे लावलाय.